जुनी उपकरणं, नवा राउटर: वाचकांचे प्रश्न

नवा राउटर बसवला की जुना प्रिंटर, जुना लॅपटॉप किंवा इंटरनेट रेडिओ वाय-फायवरून गायब होतो, आणि मग तेच ते प्रश्न येतात. म्हणून ही उत्तरं एकत्र दिली आहेत.

प्रश्न : फोनवर नेटवर्कचं नाव दिसतं, जुन्या लॅपटॉपवर मात्र दिसतच नाही. लॅपटॉप बिघडला का?

बहुतेक नाही. बरीच जुनी वाय-फाय कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा ओळखतात, ५ चा नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉप २.४ च्या नावावर जोडा. तरीही दिसत नसेल, तर चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला क्रमांकाचा भाग, पाहा. काही जुनी कार्डं १२ आणि १३ हे चॅनेल पाहूच शकत नाहीत, म्हणून 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. एवढं करूनही नाव उमटलं नाही, तर कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. काही जुन्या ड्रायव्हरना वाय-फाय ६ (नव्या पिढीचं वाय-फाय) राउटरने हवेत पाठवलेली ओळख समजत नाही आणि ते अख्खं नेटवर्कच वगळतात.

प्रश्न : प्रिंटरला पासवर्ड बरोबर देऊनही 'चुकीचा पासवर्ड' असंच येतं.

राउटर डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वाय-फाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर, असेल; जुन्या प्रिंटरना बहुधा आधीची डब्ल्यूपीए२ च कळते. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय निवडा. नाहीच जमलं, तर फक्त २.४ साठी डब्ल्यूपीए२, एईएस (माहिती गुप्त करण्याची पद्धत) ठेवा. पासवर्डात देवनागरी अक्षरं किंवा विचित्र चिन्हं असतील तर तीही काढा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, जास्त अँटेनांचा राउटर घेतला की जुनी उपकरणं जोडली जातील.

नाही. अँटेना वाढल्या म्हणून सुरक्षेची भाषा जुळत नाही. आहे त्या राउटरची सेटिंग तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

प्रश्न : माझं जुनं उपकरण फक्त वेप (वाय-फाय सुरक्षेची सर्वांत जुनी पद्धत) चालवतं. राउटरवर वेप चालू करू का? नेटवर्कचं नाव लपवून आणि मॅक फिल्टर (उपकरणाचा पत्ता पाहून ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी सोय) लावून भागेल, असं ऐकलं.

करू नका. ही ऐकीव गोष्ट अजून फिरते याचंच वाईट वाटतं. वेपमधली मुळातली चूक २००१ मध्येच उघड झाली. २००७ मध्ये संशोधकांनी वेपची १०४ बिटांची गुप्त किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. नाव लपवून काही लपत नाही, कारण उपकरण जोडलं जाताना ते नाव स्वतःच बोलतं. मॅक पत्ता तर हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यात उघडा जातो. चोराने तो ऐकायचा आणि आपल्या कार्डाला चिकटवायचा, एवढंच काम. म्हणजे एका उपकरणासाठी तुम्ही घरातल्या सगळ्यांचं दार उघडं टाकता. वर शिक्षा वेगाची: वेप किंवा टीकेआयपीवर (वेपनंतरची तात्पुरती पद्धत) जोडलेल्या उपकरणाला 'एन' (वाय-फाय ४) आणि पुढचे वेग मिळत नाहीत, ते ५४ एमबीपीएसवर अडकतं.

आधी उत्पादकाचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, शोधा. टीकेआयपी तर वेपच्याच जुन्या चिपांवर चालावा म्हणून बनवला होता, पण तोही आता जुना झाला. अपडेटनंतर 'एईएस' दिसला तरच खरी सुटका. उपकरणाला लॅन पोर्ट असेल तर सरळ केबल लावा. केबल पोहोचत नसेल तर क्लायंट किंवा ब्रिज मोड असलेला छोटा राउटर घ्या: तो घरच्या राउटरला डब्ल्यूपीए२ ने जोडतो आणि उपकरणाला केबलने. दोन्ही शक्य नसेल तर ते उपकरण वाय-फायविना वापरा. रुग्णाशी संबंधित किंवा कामाचं उपकरण असेल, तर उत्पादकाच्या सेवा केंद्राला विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

प्रश्न : एका जुन्या उपकरणामुळे सगळ्यांचं नेट मंदावतं, हे खरं का?

अर्धं खरं. हवा सगळ्यांची एकच. १,५०० बाइटांचं पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, ५४ ने जेमतेम पाव मिलिसेकंद. तेवढा वेळ बाकीचे थांबतात. महिन्यात दोन पानं छापणारा प्रिंटर मात्र काही बिघडवत नाही.

प्रश्न : गेस्ट नेटवर्कवर (राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) प्रिंटर टाकला, आता फोनवरून छापता येत नाही.

गेस्टवरची उपकरणं घरच्या नेटवर्कपासून तोडलेली असतात. रेडिओ तिथे चालेल, प्रिंटर मुख्य नेटवर्कवर हवा.

प्रश्न : पासवर्ड न टाकता उपकरण जोडणारं राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण दाबलं तर?

डब्ल्यूपीए३ मध्ये ते चालत नाही. तसंही बंदच ठेवा.

प्रश्न : राउटर रीसेट करून पाहू का?

आधी नको. रीसेटने नेट जोडणीची माहितीही पुसली जाते. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला असेल, तर आधी त्यांनाच फोन करा.