ज्वारीच्या एकाच पानावर तांबेरा आणि करपा आले तर एक दुसऱ्याला वाढवतो का?

तुम्ही विचारलंय, की मोहोळजवळच्या तुमच्या रब्बी ज्वारीत एकाच पानावर तांबेरा आणि करपा हे दोन्ही बुरशीचे रोग दिसतायत. एक रोग दुसऱ्याला वाट करून देतो की अडवतो, आणि फवारणी नेमकी कशासाठी करायची. मी वनस्पतिरोगशास्त्र शिकलोय आणि मोहोळ-मंगळवेढा पट्ट्यातली ज्वारी दर रब्बीत बघतो. माझं मत असं: पानावर हे दोघं एकाच हिरव्या जागेचे वाटेकरी असतात, पण ताटाचा विचार केला तर दोघं मिळून खडखड्याला, म्हणजे बुडखा पोखरून ताटं लोळवणाऱ्या रोगाला, रान मोकळं करून देतात.

तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशींवर पोसते. पेशी मेली की तिचीही उपासमार. करप्याची बुरशी उलट वागते, ती पेशी मारून त्यांवर वाढते. त्यामुळे करप्याचा लांबट डाग जिथे पसरला तिथला तांबेरा संपतो. पण तांबेरा आधी आला तर त्याच्या पुळ्या पानाची साल फोडून बाहेर येतात, आणि त्या फटींतून इतर किरकोळ बुरशाही आत शिरतात. शिवाय झाडाची बचावयंत्रणाही दोघांसाठी एकसारखी नसते. बऱ्याच पिकांत जिवंत पेशींवर जगणाऱ्या बुरशीविरुद्धची यंत्रणा जोरात चालू झाली, की पेशी मारणाऱ्या बुरशीविरुद्धची मंदावते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ओट्सचं आहे. अमेरिकेत तांबेऱ्याला दाद न देणारा ‘व्हिक्टोरिया’ वाणाचा गुण अनेक नव्या जातींत उतरवला गेला. १९४० च्या दशकात त्याच जातींवर एक नवा करपा तुटून पडला. पुष्कळ प्रयत्न करूनही तांबेऱ्याचा प्रतिकार आणि त्या करप्याला बळी पडणं हे दोन गुण वेगळे काढता आले नाहीत. म्हणून ‘तांबेरा-प्रतिकारक’ वाण घेताना तो करप्याला कसा आहे, हेही जरूर विचारा.

आता आपल्या रानाचं. आपली रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. तांबेऱ्याने फाटलेल्या पानातून पाणी उडतं, करप्याने हिरवं पान कमी होतं, आणि नेमके तेव्हाच कणसात दाणे भरायचे असतात. पानं पुरवू शकत नाहीत म्हणून दाणा धाटातला साठा ओढतो. धाट असं आतून रितं झालं आणि फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण पडला, की जमिनीतली खडखड्याची बुरशी बुडखा पोखरते आणि ताटं लोळतात. पानावरचे ठिपके मोजत बसण्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते. दाणा बारीक राहतो तो राहतोच, कडबाही हलका पडतो, आणि दावणीला जनावरं असलेल्या घराला ते तितकंच जड जातं.

रोग ओळखताना रंगावर जाऊ नका. डागाचा लाल-जांभळा रंग ज्वारी स्वतः तयार करते आणि तो वाणानुसार बदलतो. पानाच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तपकिरी भुकटी लागली तर तांबेरा. मधे वाळक्या गवताच्या रंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता लांब डाग असेल तर करपा. लहान गोल डागात भिंगाखाली काळे टिपके दिसले, तर तो अँथ्रॅकनोज, म्हणजे तिसराच एक बुरशीचा रोग.

फवारणी ठरवताना वरची पानं बघा. रोग खालच्या जुन्या पानांपुरताच असेल आणि कणसं भरत आली असतील, तर मी खर्च करणार नाही. पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, वरच्या पानांकडे रोग सरकतोय आणि हवा ढगाळ, दवाची आहे, तर मात्र थांबू नका. पूर्वी दोन्हींवर मँकोझेब वापरायचे, पण ज्वारीवरचा त्याचा वापर २०२३ मध्ये बंद केला गेला, म्हणून लेबलवर ज्वारीचं नाव असलेलं बुरशीनाशकच घ्या. प्रमाण लेबलवरचंच घ्या. विहिरीला पाणी असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास एक संरक्षित पाणी द्या. खडखड्यासाठी ते फवारणीपेक्षा जास्त कामाचं आहे. आणि हुरड्यासाठी राखलेल्या तुकड्यावर फवारू नका. फवारलंच असेल, तर लेबलवरची मुदत संपेपर्यंत तिथली कणसं भाजायला काढू नका.