जू-जित्सूच्या वर्गात नुसते लोळणेच का?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. चालताना तो दाराच्या चौकटीला धडकतो, जिन्यावर अडखळतो आणि जेवताना पाण्याचा पेला हमखास लवंडतो. तोल सुधारावा म्हणून तीन महिन्यांपूर्वी त्याला ब्राझिलियन जू-जित्सूच्या वर्गाला घातले; पण तिथे अजून एकही डाव शिकवलेला नाही. मुले मॅटवर पडतात, लोळतात आणि अस्वलासारखी रांगतात. सासरे म्हणतात, तालमीत घातला असता तर एव्हाना चार डाव तरी आले असते. आमची फी वाया जाते आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : फी वाया जात नाही. सात वर्षांच्या मुलांना प्रशिक्षक तीन महिने पडायला आणि लोळायला लावत असतील, तर त्यांना आपले काम कळते असे मी समजेन. आपल्या सासऱ्यांचेही चुकत नाही, कारण चांगल्या तालमीतही तोल असाच घडतो. फरक आहे तो जमिनीच्या जवळिकीचा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जपानी जू-जुत्सूतून ज्यूदो घडवला. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे तिथल्या ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झुंजीचे अंग वाढवले. त्यामुळे या खेळातला बराच वेळ मुले गुडघ्यांवर, पाठीवर किंवा कुशीवर असतात. तोल सावरायला शिकायचे तर तो आधी शेकडो वेळा जावा लागतो आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर तो गेला तर फारसे लागत नाही.

तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो : डोळे, आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या जोडीची संवेदना-केंद्रे, आणि स्नायू व सांधे. लहान मुले डोळ्यांवर अधिक विसंबतात. मुलाला एका पायावर उभे करून डोळे मिटायला सांगा, तो लगेच डुलू लागेल. चौकटीला धडकणाऱ्या मुलाला चौकट दिसत असते. आपला खांदा नेमका कुठवर आहे, याचा अंदाज मात्र कच्चा असतो. मॅटवर जोडीदार अंगाशी भिडलेला असताना डोळ्यांचा उपयोग कमी होतो आणि दाब कुठून येतो आहे, आपले वजन कोणत्या गुडघ्यावर आहे, हे अंगानेच ओळखावे लागते.

वर्गात ‘श्रिंप’ म्हणतात तो प्रकार पुढच्या वेळी लक्षपूर्वक पाहा. उताणे पडून एक पाय रोवायचा, कंबर उचलायची, कुशीवर वळायचे आणि बूड मागे ढकलायचे, एवढेच त्यात असते. बहुतेक नवी मुले बूड मागे नेण्याऐवजी डोक्याच्या दिशेने घसरत जातात आणि ‘कंबर मागे, कंबर मागे’ असे दहा वेळा ओरडून काही होत नाही, कारण आपली कंबर कुठे आहे हेच त्यांना उमगलेले नसते. अनुभवी प्रशिक्षक तिथे आपला तळहात टेकवतात आणि ‘माझा हात ढकल’ म्हणतात. एरवी गोंधळणारे मूल दोन-तीन प्रयत्नांत बरोबर हलू लागते.

पडण्याचेही तसेच आहे. मागे पडताना मूल हात मागे टेकवते आणि अंगाचा सगळा भार मनगटावर व कोपरावर येतो. लहान मुलांची कोपराजवळची हाडे मोडतात ती बहुतेकदा अशीच. म्हणून आधी उकिडवे बसून, हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून पडायचे आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर मॅटवर आपटायचे. ही सवय अंगवळणी पडली की जिन्यावरही उपयोगी पडते.

राहिला प्रश्न डावांचा. आपला मुलगा चौरंग झाला आहे असे समजा : दोन हात, दोन गुडघे. त्याचा उजवा हात उचलला की तो त्याच कोपऱ्याकडे कलंडतो. हे खेळातून कळलेल्या मुलाला, छातीवर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा एक हात व त्याच बाजूचा पाय अडवून, कंबर उचलून त्याला त्या बाजूला उलथवणे ही सुटका शिकायला एक तास पुरतो. न कळलेले मूल पायऱ्या पाठ करते आणि समोरचा जरा हलला की थबकते. पट्ट्याची तर मुळीच घाई करू नका. मुलांसाठी पांढऱ्यानंतर करडा, पिवळा, केशरी आणि हिरवा असे पट्टे आहेत आणि निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही.

घरी वेगळे काही विकत आणू नका. लंगडी खेळा. आपल्या अंगणातून हा खेळ का गेला कोण जाणे, पण एका पायावर वळत दुसऱ्याला शिवायला जाणे हा तोलाचा फार कसून घेतलेला व्यायाम आहे. मात्र, पूर्वी जमणाऱ्या हालचाली आता जमेनाशा झाल्या असतील, मुलगा सतत एकाच बाजूला झुकत असेल किंवा डोके दुखत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी दोन वर्षे जू-जित्सू शिकते. यंदा ती अचानक उंच झाली आणि पूर्वी सफाईने घेत असलेली कोलांटी आता वाकडी जाते. सर म्हणतात, ती आळशी झाली आहे.
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर : यात आळसाचा संबंध दिसत नाही. या वयात हातपाय धडाआधी झपाट्याने वाढतात आणि शरीराच्या लांबीचा मेंदूतला जुना हिशेब काही काळ चुकतो. तिला काही महिने कोलांटी खांद्यावरून, गुडघ्यावर बसून आणि सावकाश घेऊ द्या, आणि जोडीदार वजनाने तिच्या बरोबरीचा असावा एवढे सरांना सांगा. वाढत्या वयात गुडघ्याखाली किंवा टाचेला दुखत असेल, तर ते लपवून सराव करू नकोस, असे तिला आवर्जून बजावा.