वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतील ‘व्हिच’ आणि कार्यकारणभाव

प्रश्न : ‘हू’ आणि ‘व्हिच’ ही संबंधी सर्वनामे आपल्या लगतच्या आधीच्या नामाविषयी माहिती देतात, असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. परंतु इंग्रजी वृत्तपत्रांत ‘व्हिच’ पुष्कळदा कारण आणि परिणाम जोडण्यासाठी आलेला दिसतो, आणि तेव्हा त्याच्या आधी त्याला लागू पडेल असे नाम सापडत नाही. त्याच धर्तीवर मी ‘इट रेन्ड हेव्हिली. ड्यू टू व्हिच द स्कूल वॉज क्लोज्ड.’ असे लिहिले, तर परीक्षकांनी त्यातले दुसरे वाक्य चूक ठरवले. नेमका नियम कोणता? — एक पदवी विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि परीक्षकांनी दाखवलेली चूकही खरी आहे. इंग्रजीतील संबंधी उपवाक्य कार्यकारणभाव दोन निरनिराळ्या प्रकारांनी दाखवते, आणि शाळेत शिकलेला नियम त्यांपैकी पहिल्या प्रकारापुरताच आहे. उदाहरणांसाठी लंडनमधील 1858 चा उन्हाळा घेऊ. शहराचे सांडपाणी तेव्हा थेट टेम्स नदीत जात असे. त्या वर्षी असाधारण उष्मा झाला, नदीला असह्य दुर्गंधी सुटली, नदीकाठच्या संसद भवनातील पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले, आणि कित्येक वर्षे रेंगाळलेल्या मलनिस्सारणाच्या कामासाठीचे विधेयक अवघ्या 18 दिवसांत संमत झाले. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधली गेलेली भूमिगत गटारे ही त्याचीच फलनिष्पत्ती.

पहिल्या प्रकारात उपवाक्य नामालाच चिकटलेले असते आणि कारण केवळ सूचित होते. ‘द मेंबर्स, हू कुड नॉट बेअर द स्मेल, टॉक्ड ऑफ मूव्हिंग एल्सव्हेअर.’ या वाक्यात ‘बिकॉज’ कोठेही नाही. तरीही दुर्गंधी सहन होईना म्हणूनच सदस्य इतरत्र हलण्याच्या गोष्टी करू लागले, हे वाचकाला आपोआप कळते. हे काम त्या दोन स्वल्पविरामांनी साधले आहे. ते काढून टाकले, तर ज्या सदस्यांना दुर्गंधी सोसवत नव्हती तेवढेच स्थलांतराविषयी बोलत होते, बाकीचे नव्हते, असा अर्थ होतो आणि उपवाक्याचे मुख्य काम सदस्यांची निवड करणे हे ठरते. मात्र स्वल्पविराम नसला की कारणाची छटा पूर्णपणे नाहीशी होते, असे काही व्याकरण-मार्गदर्शिका सांगतात, ते मला पटत नाही. ‘पीपल हू ड्रँक फ्रॉम द पंप फेल इल’ या वाक्यात स्वल्पविराम नाही. तरीही त्या पंपाचे पाणी प्यायल्यामुळेच माणसे आजारी पडली, असेच आपण समजतो, कारण पाणी प्यायलेले आणि न प्यायलेले यांची तुलना त्यात गृहीत धरलेली आहे. लॅटिनमध्ये कारण सुचवणाऱ्या संबंधी उपवाक्यात क्रियापदाचे रूपच बदलते, त्यामुळे तेथे शंकेला फारशी जागा राहत नाही. इंग्रजीत अशी खूण नसल्याने ती जबाबदारी विरामचिन्हांवर आणि वाचकाच्या समजुतीवर पडते.

तुम्हाला वृत्तपत्रांत दिसला तो दुसरा प्रकार. ‘द समर वॉज अनयूज्वली हॉट, व्हिच मेड द रिव्हर स्टिंक.’ येथे ‘व्हिच’ म्हणजे उन्हाळा नव्हे. उन्हाळा असाधारण कडक होता ही संपूर्ण हकिकत म्हणजे ‘व्हिच’. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात अशा उपवाक्याला ‘सेंटेन्शियल रिलेटिव्ह क्लॉज’ म्हटले आहे. मराठीत त्याला वाक्यसंबंधी उपवाक्य म्हणता येईल. या ‘व्हिच’च्या आधी स्वल्पविराम आवश्यकच असतो, त्याच्या जागी ‘दॅट’ किंवा ‘व्हॉट’ चालत नाही, आणि त्याचे क्रियापद एकवचनी असते, मग आधीच्या वाक्यात कितीही अनेकवचनी नामे असोत. ‘द ड्रेन्स एम्प्टीड इन्टू द थेम्स, व्हिच मीन्ट दॅट…’ अशी रचना भूतकाळात निभावून जाते; वर्तमानकाळात मात्र ‘व्हिच मीन’ लिहिण्याची चूक हमखास होते, तेथे ‘व्हिच मीन्स’च हवे.

आता तुमच्या वाक्याकडे वळू. मराठी व्याकरणात ‘म्हणून’, ‘सबब’, ‘यास्तव’ ही परिणामबोधक अव्यये प्रधानत्वसूचक मानली जातात आणि ‘कारण’, ‘कारण की’ ही कारणबोधक अव्यये गौणत्वसूचक; म्हणजे आपल्या व्याकरणात परिणाम सांगणारे वाक्य स्वतंत्र दर्जाचे असते. त्यामुळे ‘खूप पाऊस पडला. त्यामुळे शाळा बंद ठेवली.’ हे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत ‘व्हिच’ घातला की परिणाम सांगणारा तोच मजकूर गौण उपवाक्य बनतो, आणि गौण उपवाक्य पूर्णविरामानंतर एकटे उभे राहू शकत नाही. परीक्षकांची हरकत मुख्यतः त्या पूर्णविरामाला होती. ‘इट रेन्ड हेव्हिली, अॅज अ रिझल्ट ऑफ व्हिच द स्कूल वॉज क्लोज्ड’ असे एकच वाक्य केले तर ते शुद्ध होते, जरी थोडे कचेरीतल्या पत्रासारखे वाटते. ‘ड्यू टू व्हिच’ ही जोडी भारतीय इंग्रजीत फार रुळली आहे. माझ्या मते ती टाळावी, कारण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी साधा ‘सो’ किंवा ‘व्हिच इज व्हाय’ तेच काम अधिक सहजपणे करतो. ‘व्हिच इज व्हाय’नंतर परिणाम येतो, ‘व्हिच इज बिकॉज’नंतर कारण येते, ही दिशा उलटली तर नदी दुर्गंधी झाल्यामुळे उन्हाळा कडक झाला, असा अनर्थ होऊ शकतो.

संदिग्धता हा या रचनेचा सर्वांत मोठा दोष आहे. ‘पार्लमेंट मेट बिसाइड द रिव्हर, व्हिच मेड द मेंबर्स इल.’ सदस्यांना आजारी कोणी पाडले, नदीने की नदीकाठी बैठक भरवण्याने? जवळच्या नामाला आणि संपूर्ण वाक्याला ‘व्हिच’ सारखाच लागू पडत असेल, तेथे लेखकाने तो वापरूच नये आणि ‘अँड धिस अरेंजमेंट’ किंवा ‘अँड द रिव्हर’ असे स्पष्ट लिहावे. तेवढ्याने वाक्य लांबले तरी हरकत नाही.

याहून गंभीर अडचण व्याकरणाच्या पलीकडची आहे आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तके लक्ष देत नाहीत. ‘व्हिच’ने जोडलेला परिणाम जाता जाता सांगितल्यासारखा येतो, त्यामुळे तो दावा आहे हे वाचकाच्या चटकन ध्यानात येत नाही. लंडनच्या सोहो भागात 1854 मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून 8 सप्टेंबर रोजी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. ‘द हँडल वॉज रिमूव्हड, व्हिच एंडेड द एपिडेमिक’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि लोकप्रिय लेखनात या आशयाची वाक्ये सर्रास आढळतात. परंतु रहिवासी मोठ्या संख्येने तो भाग सोडून गेल्यामुळे रोग्यांची संख्या दांडा काढण्याआधीच बरीच घटली होती, असे स्वतः स्नो यांनीच नमूद केले आहे. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो, हा त्यांचा सिद्धांत खरा ठरला. पण त्या विशिष्ट साथीचा शेवट दांड्यामुळे झाला, असे म्हणण्याइतका पुरावा नव्हता. म्हणून ज्या ठिकाणी परिणाम उघड आणि निर्विवाद आहे, तेथे ‘व्हिच’ खुशाल वापरावा. ज्या ठिकाणी कार्यकारणसंबंध अजून सिद्ध करायचा आहे, तेथे ‘बिकॉज’ घालून स्वतंत्र वाक्य लिहावे आणि त्याचा आधार द्यावा. शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावे.

प्रश्न : ‘द रीझन व्हाय ही फेल्ड इज बिकॉज…’ ही रचना चूक आहे का? आमच्या कार्यालयातील पत्रांत ती नेहमी असते. — एक लिपिक, नागपूर

उत्तर : बोलण्यात इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही असे म्हणतात, आणि चांगल्या लेखकांच्या लेखनातही ती सापडते, म्हणून तिला सरसकट अशुद्ध म्हणणे अवघड आहे. मात्र ‘रीझन’, ‘व्हाय’ आणि ‘बिकॉज’ हे तिन्ही शब्द कारणच सांगतात, त्यामुळे औपचारिक पत्रात ‘द रीझन इज दॅट…’ एवढेच पुरेसे आहे. ‘रीझन’नंतरचा ‘व्हाय’ गाळला तरी चालतो, ठेवला तरी चालतो.

प्रश्न : ‘व्हिच’ऐवजी ‘-इंग’ने संपणारे रूप वापरून वाक्य आटोपशीर करावे, असे एका मार्गदर्शक शिक्षकांनी सांगितले. ते नेहमी शक्य असते का? — एक स्पर्धा परीक्षार्थी, लातूर

उत्तर : बहुतेक वेळा शक्य असते. ‘पार्लमेंट पास्ड द अॅक्ट, व्हिच अलाउड द वर्क टू बिगिन’ याऐवजी ‘पार्लमेंट पास्ड द अॅक्ट, अलाउइंग द वर्क टू बिगिन’ असे लिहिता येते आणि ते अधिक घट्टही वाटते. पण परिणाम सांगणारे क्रियापद ‘इज व्हाय’ किंवा ‘इज बिकॉज’सारखे असेल, तर ‘-इंग’चा उपाय चालत नाही, तेथे ‘व्हिच’च ठेवावा लागतो. शिवाय ‘-इंग’चे उपवाक्य वाक्याच्या आरंभी आणले, तर त्याचा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याशी जुळतो की नाही हे तपासावे. ‘स्टिंकिंग बॅडली, द मेंबर्स लेफ्ट द रूम’ या वाक्यात दुर्गंधी नदीची न राहता सन्माननीय सदस्यांची होते.