हॅकिंगचा सराव कोठे करावा?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असून एथिकल हॅकिंग शिकत आहे. काहीही न बिघडवता महाविद्यालयाच्या संकेतस्थळातील त्रुटी शोधून प्रशासनाला कळवल्या, तर त्यात गैर काय? तसे करता येत नसेल, तर सराव कोठे करावा?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ आधी परवानगी विचारते. मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकयंत्रणेत प्रवेश केल्यास नुकसानभरपाईचे दायित्व येऊ शकते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्याचे सिद्ध झाल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्राध्यापकांच्या तोंडी होकारावरही विसंबू नये. कोणती यंत्रणा, कोणत्या चाचण्या आणि किती काळ, हे अधिकृत व्यक्तीकडून लेखी घ्यावे.

सरावासाठी स्वतःचा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स या, एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका आभासी यंत्रावर काली लिनक्स (सुरक्षा-चाचणीची साधने असलेली कार्यप्रणाली) आणि दुसऱ्यावर मेटास्प्लॉइटेबल २ बसवावे. हे दुसरे मुद्दाम असुरक्षित ठेवलेले असते. येथेच बहुतेकांची गफलत होते : नेटवर्क ‘ब्रिज्ड’ ठेवले, तर ते यंत्र घरच्या किंवा वसतिगृहाच्या वाय-फायवर इतरांनाही दिसू लागते, म्हणजे शिकाऊ हॅकरच्याच खोलीत कडीकुलूप नसलेले दार तयार होते. म्हणून दोन्ही यंत्रांना ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे फक्त स्वतःच्या लॅपटॉपपुरती जोडणी द्यावी आणि प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे काही मोडले तरी पूर्वस्थिती लगेच परत मिळते. संकेतस्थळांच्या त्रुटी अभ्यासायच्या असतील, तर ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेचे ज्यूस शॉप हे मुद्दाम त्रुटी ठेवलेले सरावाचे संकेतस्थळ अशाच बंदिस्त जागी चालवावे.

लॅपटॉपची मेमरी अपुरी असल्यास पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी ही ऑनलाइन प्रशिक्षणशाळा विनामूल्य आहे आणि ब्राउझरमध्ये चालते. माझ्या मते नवशिक्याने सुरुवातही तेथूनच करावी. ट्रायहॅकमी किंवा हॅक द बॉक्स या सरावाच्या संकेतस्थळांवर मात्र नेमून दिलेल्या लक्ष्यापुरतेच राहावे, कारण त्यांच्या व्हीपीएनला (खासगी नेटवर्कला) जोडलेले इतर विद्यार्थी हे काही सरावाचे साहित्य नव्हे.

महाविद्यालयाचे संकेतस्थळ नेहमीप्रमाणे वापरताना एखादी त्रुटी आपोआप नजरेस आली, तर ती आणखी तपासून पाहू नये व कोणाचीही माहिती उतरवून घेऊ नये. जे दिसले तेवढेच प्रशासनाला लेखी कळवावे. असे अहवाल केंद्र सरकारची सर्ट-इन ही सायबर सुरक्षा संस्थाही स्वीकारते.