दुसरं दुकान घेण्याआधी क्रॉस-डिफॉल्टचं कलम नीट वाचा

तुम्ही फोंड्याहून विचारलंय की कॅनडातल्या ऑन्टारिओत येऊन एकाच कंपनीची दोन सँडविच दुकानं फ्रँचायझीवर घ्यायची आहेत. वकिलाने क्रॉस-डिफॉल्टच्या कलमावर खूण केलीय आणि कंपनीचा माणूस म्हणतो, हे सगळ्यांच्याच करारात असतं. बहुतेकांच्या असतं, हे खरं. पण तेवढ्यावर सही करू नका.

एका करारात तुम्ही चुकलात की बाकीच्या करारांतही चुकलात असं धरायचा हक्क हे कलम कंपनीला देतं. म्हापशाच्या बाजारात एका गाळ्याचं भाडं थकलं म्हणून दुसऱ्या गाळ्याला कुलूप लागेल, असं आपल्या मनातही येत नाही. इथे लागतं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची दोन कॉफीची दुकानं होती. दुसऱ्यासमोरचा रस्ता खोदला, गिऱ्हाईक तुटलं, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला कंपनीला द्यायचा वाटा, थकली. नोटीस आली ती दोन्ही दुकानांच्या नावे. पहिल्याची एका डॉलरचीही बाकी नव्हती, तरी तेही गेलं. जागेचं लीज कंपनीच्या नावावर, हे पोटभाडेकरू, म्हणून स्वतःच्या पैशाने सजवलेली जागाही गेली. वर काही काळ आसपास तसाच धंदा करायची बंदी.

म्हणून कलम कुठवर पोचतं ते शब्दन् शब्द बघा. 'कंपनी आणि तिच्या संलग्न कंपन्यांशी केलेला कोणताही करार' असं असेल तर सबलीज म्हणजे पोटभाड्याचा करार, मशिनरीचं कर्ज, मालाचा पुरवठा, सगळं त्यात आलं. तुमच्या बाजूनेही त्यात बहुधा जामीनदार असतात. दोन दुकानांसाठी दोन कंपन्या काढू म्हणताय, पण दोन्हीकडे पर्सनल गॅरंटी तुमचीच असेल तर त्याने फारसं काही वाचत नाही. बँकेचा करारही तपासा. फ्रँचायझी रद्द झाली की उरलेलं कर्ज एकदम मागायचा हक्क तिथेही असू शकतो.

कलम अख्खं काढून मिळणं कठीण. पण ते फक्त थकलेल्या पैशांपुरतं आणि गंभीर चुकांपुरतं ठेवा, लेखी नोटिशीनंतर चूक सुधारायला पुरेशी मुदत द्या, हे मागा. तिसरं दुकान अमुक तारखेपर्यंत उघडायचं बंधन असेल तर ती तारीख चुकल्यास फक्त तिसऱ्या दुकानाचा हक्क जाईल, चालू दुकानं नाहीत, हे लिहूनच घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच. आणि एक दुकान स्थिरावेपर्यंत दुसऱ्यावर सही करू नका.

फोंड्याचं घर तारण ठेवायचं मात्र मनातून काढून टाका. आपल्याकडच्या, म्हणजे गोव्याच्या, सिव्हिल कोडप्रमाणे लग्नानंतरची मालमत्ता, वेगळा करार नसेल तर, दोघांची असते. वहिनींची सही लागेल, आणि त्यांचा अर्धा वाटाही पणाला लागेल.

ऑन्टारिओच्या 2000 सालच्या आर्थर विशार्ट या फ्रँचायझीच्या कायद्याप्रमाणे सही किंवा पैसे यांच्या किमान 14 दिवस आधी डिस्क्लोजर डॉक्युमेंट, म्हणजे कंपनीने फ्रँचायझीची लेखी माहिती देणारा कागद, हातात पडायला हवं. ते उशिरा किंवा अपुरं मिळालं तर मिळाल्यापासून 60 दिवसांत, आणि मुळीच मिळालं नाही तर करारापासून 2 वर्षांत, करार रद्द करता येतो. त्या डॉक्युमेंटमध्ये कंपनी सोडून गेलेल्या दुकानदारांची यादी असते. त्यातल्या चार-पाच जणांना फोन लावा आणि विचारा, एक दुकान बंद पडलं तेव्हा दुसऱ्याचं काय झालं?