पाव, गरीबपट्टी आणि वर्कहाउस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

औद्योगिक क्रांतीवरच्या लेखात इंग्लंडच्या १८३४ च्या 'पुअर लॉ' दुरुस्तीचा, म्हणजे गरिबांना सरकारी मदत देण्याच्या कायद्यातल्या मोठ्या बदलाचा, ओझरता उल्लेख आला होता. या बदलाने धडधाकट गरिबाला मदत हवी तर वर्कहाउसात, म्हणजे गरिबांनी राहून काम करायच्या इमारतीत, जाण्याची अट घातली. त्यावर बरीच पत्रे आली. त्यातल्या काही प्रश्नांना इथे उत्तरे देतो.

प्रश्न : गरिबांना मदत देणारा कायदा तिथे १६०१ पासून होता. मग दोनशे वर्षांनी तो एकदम नकोसा का झाला? (एक वाचक, सातारा)

एकदम नाही झाला. जुन्या कायद्याचा पाया होता पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव. असे सुमारे १५,००० पॅरिश होते आणि प्रत्येकाने आपले गरीब आपणच पोसायचे, असा दंडक होता. त्यासाठी घरा-जमिनीवर पट्टी बसे. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी असते, तशी ती गरीबपट्टी म्हणू. गाव लहान आणि सगळे एकमेकांना ओळखणारे, तोवर हे चालून गेले.

मग माणसे वाढली. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या १८०१ मध्ये ८९ लाख होती, ती १८३१ मध्ये १३९ लाखांवर गेली. त्याच काळात गावाची सामायिक कुरणे कुंपणात गेली. मजुराची एखादी गाय तिथे चरायची, सरपण तिथून यायचे, ते बंद झाले. घरच्या बायका-मुली हाताने सूत कातून चार पैसे मिळवत, ते काम गिरण्यांनी नेले. मजुरी तेवढीच राहिली आणि तिला हातभार लावणारे सगळे एकेक करून गळले. १७८० च्या दशकात गरिबांवरचा खर्च वर्षाला सुमारे २० लाख पौंड होता. तो १८०३ पर्यंत ४० लाखांवर आणि १८१८ पर्यंत जवळजवळ ७९ लाखांवर गेला. पट्टी भरणाऱ्यांची ओरड इथून वाढली.

प्रश्न : स्पीनहॅमलंड पद्धतीमुळे मजूर आळशी झाले आणि म्हणून सुधारणा करावी लागली, असे आम्हाला शिकवले. ते बरोबर आहे का? (एक वाचिका, कोल्हापूर)

या प्रश्नावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण हे विधान आजही पाठ करून घेतले जाते आणि मला ते अन्यायाचे वाटते.

६ मे १७९५. बर्कशर परगण्यातल्या स्पीनहॅमलंड गावी पेलिकन नावाच्या खाणावळीत तिथले न्यायदंडाधिकारी जमले. पीक बुडालेले, फ्रान्सशी युद्ध चालू, पाव महागलेला. बैठक बोलावली होती ती मजुरीचे दर ठरवायला. ते त्यांनी ठरवलेच नाहीत. त्याऐवजी एक तक्ता केला. गॅलन लोफ, म्हणजे सुमारे चार किलोचा पाव, एक शिलिंगला मिळत असेल तर पुरुषाला आठवड्याला ३ शिलिंग आणि बायको-मुले मिळून घरातल्या प्रत्येक माणसामागे दीड शिलिंग मिळालेच पाहिजेत. मजुरी कमी पडली तर उरलेले पॅरिशने द्यायचे. पाव महागला की आकडेही चढायचे.

आता हिशेब करून बघा. नवरा, बायको, तीन मुले. तीन अधिक सहा, म्हणजे नऊ शिलिंग. समजा शेतमालक सात देतो, तर पॅरिश दोन देणार. मालकाने पाचच दिले, तर पॅरिश चार देणार. मजुराच्या हातात दोन्ही वेळा नऊच. मालकाचे दोन शिलिंग मात्र वाचले, आणि ते भरले गावातल्या त्या दुकानदाराने किंवा लहान कुळाने, ज्याच्याकडे एकही मजूर नव्हता. आळसाची गोष्ट सांगताना हे दोन शिलिंग विसरले जातात. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात खासदार सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी किमान मजुरीचे विधेयक संसदेत आणले होते. पंतप्रधान पिट यांनी विरोध केला आणि ते पडले. म्हणजे मजुरी वाढवण्याची वाट दिसत होती, पण ती घेतली नाही.

शिवाय हा तक्ता म्हणजे देशाचा कायदा नव्हता. दक्षिणेच्या धान्य पिकवणाऱ्या परगण्यांत अशा पद्धतीचा वापर जास्त, इतरत्र कमी, आणि १८३४ येईपर्यंत कित्येक गावांनी ती सोडूनही दिली होती. मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली आणि दाखवले की मदत वाढली ती मजुरी कमी आणि बेकारी जास्त होती म्हणून. १८३४ चा बदल सुचवणाऱ्या सरकारी आयोगाने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली होती.

प्रश्न : पण खर्च तर १८१८ नंतर थोडा खाली आला होता. मग १८३४ च का? (एक वाचक, ठाणे)

कारण १८३० मध्ये मालकवर्ग घाबरला. हाताने मळणी करणे हे शेतमजुराचे हिवाळ्यातले हक्काचे काम. मळणीयंत्र आले आणि तेही गेले. त्या वर्षी केंटमध्ये यंत्रे फोडायला सुरुवात झाली आणि लोण दक्षिणभर पसरले. गंज्या जळाल्या, 'कॅप्टन स्विंग' या कल्पित नावाने धमकीची पत्रे गेली. १९ जणांना फाशी झाली, शेकडोंना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले. गरीबपट्टी भरूनही शांतता मिळत नाही, मग भरायची कशाला, असा विचार तेव्हा बळावला. त्यातच १८३२ च्या कायद्याने शहरी मध्यमवर्गाला मत मिळाले. पट्टी भरणारा आता मतदारही झाला होता.

त्याच वर्षी शाही आयोग नेमला गेला. २६ साहाय्यक आयुक्त गावोगाव फिरले. अहवाल लिहिला अर्थशास्त्रज्ञ नासाउ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी, आणि आपल्याला काय म्हणायचे आहे हे दोघांचे बरेचसे आधीच ठरलेले होते.

प्रश्न : वर्कहाउस इतके कठोर ठेवण्यामागचा हेतू काय? (एक विद्यार्थी, नागपूर)

हेतू उघड लिहिलेला होता: आत राहणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे खरोखर उपाय खुंटलेलाच दार ठोठावेल. पण बाहेरचा मजूर आधीच अर्धपोटी. त्याच्याहून कमी अन्न देणे शक्य नव्हते, म्हणून शिक्षा दुसरीकडून आली. नवरा, बायको, मुले वेगवेगळ्या भागांत. गणवेश. ठरलेल्या वेळी घंटा.

अँडोव्हरचे वर्कहाउस मी वर्गात नेहमी सांगतो. तिथे पुरुषांना खतासाठी जनावरांची हाडे कुटायला लावत. १८४५ मध्ये उघडकीस आले की भुकेने ते त्या कुजक्या हाडांतला मगज चोखून खात होते. संसदेची चौकशी झाली आणि १८४७ मध्ये नवा कायदा राबवणारा पुअर लॉ आयोगच गुंडाळला गेला.

उत्तरेतल्या गिरणीगावांत तर हा उपाय लागूच पडत नव्हता. तिथे मंदी आली की हजारो हात एकाच आठवड्यात रिकामे होत आणि महिन्यांनी पुन्हा कामाला लागत. इतक्यांना कोणत्या इमारतीत कोंडणार? टॉडमॉर्डनचे गिरणीमालक जॉन फील्डन स्वतः या कायद्याविरुद्ध उभे राहिले. बाहेरच्या बाहेर मदत देणे शेवटपर्यंत पुरते थांबले नाही.

प्रश्न : अविवाहित मातांचे काय झाले? (एक वाचिका, पणजी)

जुन्या कायद्यात बापाकडून मुलाचा खर्च वसूल करता येई. १८३४ ने तो भार जवळपास सगळा आईवर टाकला. १८४४ मध्ये तिला बापाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क परत द्यावा लागला.

प्रश्न : या साऱ्याचा महाराष्ट्राशी काही धागा आहे का? (एक वाचक, पुणे)

आहे, आणि तो दुखरा आहे. जुन्या कायद्याचे कडवे टीकाकार माल्थस हे १८०५ पासून अखेरपर्यंत हेलीबरीच्या कॉलेजात शिकवत होते. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी तयार होत. मदत दिली की माणूस बिघडतो, हा विचार घेऊन अनेक जण इकडे आले. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनच्या मदतकामांवर, सरकारने दुष्काळाची पाहणी करायला पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुरी उतरवली गेली. दिवसभर खडी फोडायची, आणि त्याचे मोल पुरुषाला पौंडभर धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढेच. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी ती कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारला निवेदनांमागून निवेदने पाठवत होती.