डबी कुणी भरायची?

माई,
मी २८ वर्षांची आहे, कणकवलीजवळच्या गावात राहते. आतापर्यंत इथल्याच एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते. आता मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका कंपनीत नोकरी लागली आहे. हातात ४८ हजार येतील, पुढच्या एक तारखेला रुजू व्हायचंय. राहायचं कुठे, यावर गाडी अडली आहे. नवीन पनवेलला एकटीपुरता वन आरके मिळतोय, भाडं ११ हजार. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्याला माझी कॉलेजची मैत्रीण आणखी एका मुलीबरोबर फ्लॅटमध्ये राहते, तिथे तिसरी जागा रिकामी आहे, पण माझ्या वाट्याला १५ हजार येतात. ठाण्याची मावशी म्हणते आमच्याकडेच ये, पण त्यांचंच घर लहान. मला पनवेल बरं वाटतंय. स्वस्त आहे, मोकळं आहे, शिवाय शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली की शनिवारी सकाळी घरी, बाबांची आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरून रविवारी रात्री परत. बाबा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाबांची तब्येत तशी ठणठणीत आहे, बीपी आणि शुगर गोळ्यांवर आटोक्यात. रोज सकाळी स्वतः बाजारात जाऊन मासे आणतात. स्वभावाने साधे, मला कधी कशाला अडवत नाहीत. ऑफिसचा प्रवास दीड तासाचा होईल. तो रोज झेपेल का, एवढंच विचारायचं होतं.
— पनवेलकडे झुकलेली

बाळ,
तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी भाड्याचे आकडे बघितले. दुसऱ्या वेळी डबीपाशी थांबले आणि तिथून पुढे जाईचना.

तशी डबी माझ्याही घरात आहे. सात खण, सात झाकणं, प्रत्येकावर वाराचं अक्षर. स्ट्रिपवर अंगठा दाबायचा, टक् आवाज होऊन गोळी हातात येते. अर्धी घ्यायची असेल तिचे सुरीने दोन तुकडे करायचे. एखादी टेबलाखाली घरंगळते, ती वाकून शोधायची. शनिवारचं झाकण लावेपर्यंत फार तर दहा मिनिटं जातात.

त्या दहा मिनिटांसाठी तू दर आठवड्याला जाऊन-येऊन दोन रात्री रेल्वेत काढणार आहेस. ती गाडी सोयीची पडावी म्हणून बिऱ्हाड पनवेलला करणार. बिऱ्हाड पनवेलला म्हणून उरलेले पाच दिवस हार्बरच्या लोकलमध्ये घालवणार. आणि मला विचारतेस, दीड तास झेपेल का! अगं, तुझ्या मुंबईच्या घराची जागा एका प्लास्टिकच्या डबीने ठरवली आहे, आणि ते तुझ्या लक्षातही आलेलं नाही.

बाबा साधे आहेत, अडवत नाहीत, असं तू लिहितेस. असतील साधे. पण ज्या माणसाने नोकरीभर स्टँडवर बसून कुठली गाडी किती वाजता कुठल्या फलाटाला लागणार, कुठला ड्रायव्हर रजेवर, कुणाची डबल ड्युटी, हे सगळं डोक्यात ठेवलं, त्याला सोमवारच्या खणात सोमवारची गोळी टाकता येत नाही, हे मला कुणीही येऊन सांगितलं तरी पटणार नाही. रोज कल्ला उचलून बांगडा ताजा की शिळा ते बघतात ना? मग नजर चांगली आहे, हात चांगला आहे, डोकं तर आहेच. न येण्यासारखं त्यात काही नाही. त्यांच्यावर कधी वेळच आली नाही. आधी तुझी आई भरत होती. आई गेली आणि पुढच्या शनिवारी डबी तुझ्यापुढे आली. कुणी काही बोललं नसेल, तूही बोलली नसशील. त्या घरात आईची जागा आठवडाभरसुद्धा रिकामी राहिली नाही, त्या जागेवर तू बसलीस. तेव्हा तू २६ वर्षांची होतीस. याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि बाबांचा रागही येतो. मुलीला तोंडाने न अडवणं पुरेसं नसतं. तिच्या पायात काय अडकलंय, तेही बापाने बघायला हवं.

आता प्रवासाचं बोलू. तुझा दीड तास कागदावरचा आहे. सकाळी पनवेलला बसायला जागा मिळेल, गाडी तिथूनच सुटते, हे कबूल. पण कुर्ल्यापर्यंतच तासाच्या वर जातो. मग पूल चढून पश्चिमेला यायचं, बीकेसीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, ऑफिसची लिफ्ट येईपर्यंत आणखी थांबायचं. दारापासून दारापर्यंत दोन तास धर. संध्याकाळी कुर्ल्याला चढताना बसायला जागा विसर, दांडी धरायला मिळाली तरी पुष्कळ. पावसाळ्यात कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी आलं की हार्बर सगळ्यात आधी बंद पडते. रात्री नऊला घरी पोचून एकटीसाठी भात टाकशील? पहिला महिना टाकशील. मग बिस्किटं खाऊन झोपशील.

आणि कोकणकन्या? ती सीएसएमटीहून रात्री अकरानंतर सुटते, पनवेलला येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. परतीला सोमवारी पहाटे पनवेलला उतरायचं आणि त्याच दिवशी ऑफिस गाठायचं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण फक्त ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे प्रत्येक शुक्रवारचं तिकीट दोन महिने आधीच काढून ठेवायला हवं, नाहीतर वेटिंगवर बसायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या जपून चालवतात आणि तरी भरवसा नसतो. २०२४ च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि गाड्या अडकून पडल्या, तुला आठवत असेलच. तशा शनिवारी डबी कोण भरणार होतं? दर आठवड्याच्या दोन्ही फेऱ्यांची तिकिटं धरलीस तर पनवेलचे वाचलेले चार हजारही पुरते उरणार नाहीत.

खरं तर कोकणकन्या दादरलाही थांबते. वाकोल्याहून निवांत जेवूनखाऊन दादरला जाता येतं. गाडीसाठी पनवेल हवं, हे कारणच खरं नाही. पनवेल तुला घराच्या जवळ वाटतं, कणकवलीच्या दिशेला एक पाऊल कमी टाकल्यासारखं. ते मी समजू शकते. पण तिथे राहून तू ना धड मुंबईत असशील, ना धड घरच्या खळ्यात, अंगणात.

माझे एक काका चाकरमानी होते, लालबागला गिरणीत. गावातल्या सगळ्यांनी मिळून एक खोली घेतली होती. भिंतीला ओळीने ट्रंका, ज्याची रात्रपाळी तो दिवसा झोपायचा, दिवसपाळीवाला रात्री. जेवण खानावळीत. दर महिन्याला गावी मनीऑर्डर जायची, त्यात खाडा नाही. त्या माणसांना गावची ओढ तुझ्यापेक्षा कमी नव्हती. बायकामुलं, आईबाप, शेतीवाडी सगळं इकडे होतं. पण तेव्हा कोकणात यायची बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, आणि बोट जवळ पडेल म्हणून कुणी धक्क्यावर बिऱ्हाड केलं नाही. गिरणीचा भोंगा कानावर पडेल एवढ्या अंतरावर ते राहिले, कारण ते काम करायला गेले होते. बोट सणासुदीला. त्यांच्या बायका इकडे एकट्याने घरं चालवत होत्या, नांगरणीपासून म्हाताऱ्यांच्या दुखण्याखुपण्यापर्यंत. निवृत्त कंट्रोलरला एक डबी जमणार नाही?

तेव्हा वाकोला. दुसरा विचार नको. मावशीकडे रविवारी जेवायला जा, राहायला नको.

वाकोल्याहून बीकेसी बसने, रिक्षाने जवळ आहे. मेट्रोच्या एक्वा लाइनची सांताक्रूझ आणि बीकेसी ही स्टेशनंही ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहेत. संध्याकाळी सातला तू घरी असशील. तिघींत मिळून कुणीतरी डाळ शिजत टाकलेली असेल, कुणीतरी ऑफिसचं गाऱ्हाणं सांगत असेल. आई गेल्यापासून तुझ्या वयाच्या कुणाबरोबर रोज बसून जेवली आहेस का? तुझ्या पत्रात तरी तसं कुणी दिसलं नाही. जास्तीच्या चार हजारांत मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

मैत्रीण आहे म्हणून व्यवहारात भिडेने राहू नकोस. करारात तुझं नाव घालून घे आणि तो नोंदणी केलेला असू दे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं सक्तीचं आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्यामुळे मागायला लाजू नकोस. डिपॉझिटमधला तुझा वाटा बँकेतून दे, हातात नोटा देऊ नकोस. पाणी किती वाजता येतं ते विचार. फ्लॅट तळमजल्यावर असेल तर पावसात पाणी कुठवर येतं, हे शेजारणीला विचार, मालकाला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला होता, आणि मिठी नदी तिथून लांब नाही. पाऊस काय असतो, हे कणकवलीच्या मुलीला मी काय सांगणार!

राहिली डबी. पुढच्या महिन्यापर्यंत तुझ्या हातात अजून तीन-चार शनिवार आहेत. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून घे. कागद फ्रिजच्या दारावर चिकटव. येत्या शनिवारी बाबांनी डबी आणली की ती त्यांच्याच हातात ठेव आणि सांग, “बाबा, आजपासून ही तुम्ही भरायची.” तू समोर बस, पण हात लावू नकोस. गोळी खाली पडली तर त्यांना वाकू दे. चुकले तर “कागद परत बघा” एवढंच म्हण. ते कदाचित गप्प होतील, कदाचित उठून ओटीवर जाऊन बसतील. त्यांच्या मागे जाऊ नकोस. दुसऱ्या शनिवारी शेजारच्या खोलीत बस आणि शेवटी फक्त झाकणं उघडून बघ. तिसऱ्या शनिवारी तेही नको.

मुंबईला गेल्यावर पहिला महिना एकाही शनिवारी घरी यायचं नाही. शनिवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल कर, बाबांना भरलेली डबी कॅमेऱ्यासमोर धरायला सांग. एखादा खण रिकामा दिसला तर वार सांग आणि ते भरेपर्यंत फोन चालू ठेव. नंतर महिन्यातून एकदा ये. आलीस की डबीकडे बघूसुद्धा नकोस, त्यांनी आणलेल्या माशांचं कालवण कर, नाहीतर त्यांनाच करायला सांग आणि तू खळ्यात लोळत पड. गणपतीचं तिकीट मात्र साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला काढ, तिथे मी दयामाया दाखवणार नाही.

पनवेलच्या एजंटला आजच नाही म्हणून कळव आणि मैत्रिणीला फोन लाव. तुझी खाट खिडकीजवळची आहे का, तेही विचारून घे.
— माई